सुखीबाईचा गतिरोधक

कोइंबतूरला आठ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन धर्मपाल खोब्रागडे सोमवारी सकाळी सात वाजता वडमाळ सर्किटवर परतला, तेव्हा मुख्य सरळ पट्ट्यावर काहीतरी आडवं निजलेलं होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत, ओल्या बारदानाखाली झाकलेलं. लांबून त्याला वाटलं, अजगर असावा. अजगर असता तर बरं झालं असतं, कारण अजगराला वनखातं घेऊन जातं. धर्मपालने बारदानाचं एक टोक उचललं. खाली गतिरोधक होता.

बारा मीटर लांब, वीतभर उंच, सिमेंटचा, गुळगुळीत. शेजारी नवीकोरी पाटी: ‘पुढे गतिरोधक आहे. वाहने सावकाश चालवा. ग्रामपंचायत वडमाळ.’ ज्या जागी तो होता तिथून गाड्या ताशी दोनशे दहा किलोमीटरच्या वेगाने जातात. म्हणजे आठ दिवसांपूर्वीपर्यंत जात होत्या.

दारव्हा आणि दिग्रसच्या मधल्या माळावरचं हे सर्किट कायमस्वरूपी होतं. असं निदान फाटकावरच्या फलकावर लिहिलेलं होतं. दोन पूर्णांक आठ किलोमीटरचा फेरा, अकरा वळणं, वर्षाला दोन मोठ्या शर्यती. येत्या रविवारी राष्ट्रीय मालिकेची शेवटची फेरी व्हायची होती, आणि तिच्या परवान्यासाठी शुक्रवारी चेन्नईहून मोटारशर्यतींच्या महासंघाचा निरीक्षक यायचा होता. परवाना मिळाला नाही तर शर्यत दुसरीकडे जाणार होती. तसं झाल्यास सर्किट बंद करून जागेवर सोलर पॅनेल टाकू, असं मालक कंपनीने लेखी कळवलं होतं. सोलर पॅनेलला व्यवस्थापक लागत नाही. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाल्यावर धर्मपालला ही दुसरी नोकरी लागली होती, आणि गावातली एकतीस माणसं त्याच्या हाताखाली होती. तिसरी नोकरी लागेल असं त्याचं वय नव्हतं.

त्याने संजय राठोडला फोन लावला. संजय हा सरपंच उज्ज्वला राठोड यांचा धाकटा दीर आणि गावातल्या सगळ्या सरकारी कामांचा एकमेव ठेकेदार. तो बुलेटवरून आला आणि गतिरोधकाजवळ येताच सवयीने गाडी हळू केली.

“संजय, हे काय हाय?”

“ब्रेकर हाय काकाजी.”

“ते दिसून राह्यलं मले. इथं काहून?”

“मंजूर झालता. रस्ता क्रमांक सात, सुरुवातीपासून साडेचारशे मीटर. टेपानं मोजून केला.”

“अरे, हा रेसचा ट्रॅक हाय. इथं गाड्या जोरात पळवा लागतेत.”

“म्हणूनच तं. जिथं गाड्या जोरात पळतेत, ब्रेकर तिथंच बसवतेत ना. दारव्ह्याच्या रस्त्यावर कायले बसवू? तिथं खड्डेच हायेत.”



सर्किटचा ‘रस्ता क्रमांक सात’ कसा झाला, ते धर्मपालला माहीत होतं. ज्या वर्षी सर्किट बांधून झालं, त्या वर्षी ग्रामपंचायतीला तीन किलोमीटर डांबरी रस्त्याचं उद्दिष्ट होतं आणि झाला होता दोनशे मीटर. सर्किट होतं दोन पूर्णांक आठ. बेरीज बरोबर तीन. तेव्हाच्या ग्रामसेवकाने रस्त्यांच्या नोंदवहीत नोंद घेतली: सुरुवात, स्टार्ट लाइन; शेवट, स्टार्ट लाइन. या रस्त्याने माणूस नेमका कुठे जातो, असं वरून कोणी विचारलं नाही. उलट उद्दिष्टपूर्तीचं प्रमाणपत्र आलं. ते पंचायतीच्या भिंतीवर अजून आहे.

गतिरोधकाची मागणी मात्र खरी होती. ती वडमाळ तांड्यावरच्या सुखीबाईची. वय अडुसष्ट, बकऱ्या चौदा. तांडा सर्किटच्या अलीकडे आणि चराईचं रान पलीकडे. कंपनीने खालून भुयारी मार्ग करून दिला होता, पण त्यात मृगापासून होळीपर्यंत कंबरभर पाणी असे. त्यामुळे सुखीबाई कुंपणाच्या फटीतून, सरळ पट्ट्यावरून, बकऱ्या घेऊन ये-जा करायची. एकदा सरावाची गाडी तिच्या काळ्या बकरीला चाटून गेली. बकरी वाचली, दूध मात्र तिने पुन्हा दिलं नाही. सुखीबाईने ग्रामसभेत अर्ज दिला की या रस्त्यावर गाड्या फार जोरात येतात. तेवढ्यात चहा आला, आणि ठराव एकमताने मंजूर झाला. मग तीन वर्षं फाईल फिरली. सरकारी काम वेळेत होत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की हे काम शर्यतीच्या बरोबर आठवडाभर आधी पूर्ण झालं.

धर्मपाल त्याच दिवशी तालुक्याला गेला. तिथल्या बांधकाम कार्यालयातला कनिष्ठ अभियंता राजदीप हा त्याच्या मावसबहिणीचा मुलगा होता. राजदीपने मामाला खुर्ची दिली, चहा दिला आणि फाईल काढली. गतिरोधक काढायचा तर पुन्हा ग्रामसभेचा ठराव लागेल, मग स्थळपाहणी, मग रस्ता सुरक्षा समिती. समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. मागच्याच आठवड्यात बसली होती. विनापरवानगी फोडला तर सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान म्हणून गुन्हा दाखल होईल.

“अरे, पण हा रस्ताच नाही,” धर्मपाल म्हणाला.

“तसं लिहून द्या मामा. उद्या सकाळी काढतो.”

धर्मपालने खिशातून पेन काढलं. राजदीपने फाईलचं एक पान मागे उलटलं.

“फक्त एक सांगा. दोन वर्षांमागं पावसानं याच रस्त्याची कडा खचलती. ती सरकारी निधीतून दुरुस्त केली. ‘गावरस्ता क्रमांक सात, काम समाधानकारक.’ ही खाली सही कोणाची हाय?”

सही धर्मपालचीच होती. तेव्हा फुकटात दुरुस्ती होते आहे म्हणून त्याने कागद न वाचता केली होती. त्याने पेन परत खिशात ठेवलं. शर्यत छोट्या फेऱ्यावर घ्यावी, असंही त्याच्या मनात आलं होतं. मुख्य पट्टा वगळून एक पूर्णांक सहा किलोमीटरचा एक फेरा सर्किटवर होता. पण राष्ट्रीय फेरीला किमान दोन किलोमीटर लागतात, हे तो कालच कोइंबतूरहून शिकून आला होता.

राजदीपला मामाची दया आली. त्याने आवाज खाली आणला.

“मामा, ठेकेदार कोण हाय?”

“संजय.”

“मग कायले टेन्शन घेता? त्यानं शाळेपुढं ब्रेकर केलता, आठवते? एका महिन्यात गेला. आता तिथं खड्डा हाय, आन् गाड्या तेवढ्याच हळू जातेत. नाल्यावरचा रपटा तं उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गेलता. तुम्ही फोडू नका. दोन-चार गाड्या चालवा त्याच्यावरून. आपोआप झिजून गेला तं त्याले कोणाची परवानगी लागत नाही.”

नैसर्गिक मृत्यूची चौकशी होत नाही. धर्मपाल हलक्या मनाने परत आला. येताना त्याने शाळेपुढचा खड्डा मुद्दाम थांबून पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा संजय राठोडबद्दल त्याच्या मनात आदर दाटून आला.

सोमवारी दुपारी त्याने सर्किटची जीप गतिरोधकावरून चाळीस वेळा नेली. जीपचा सायलेन्सर पडला. मंगळवारी त्याने दारव्ह्याच्या स्टँडवर निरोप धाडला की आज सर्किटवर कोणीही गाडी चालवावी. वडापच्या नऊ काळीपिवळ्या आल्या. काळीपिवळी रिकामी धावत नाही, त्यामुळे दिग्रसला निघालेल्या प्रवाशांना आधी सर्किटच्या चार-चार फेऱ्या घडल्या. लोहाऱ्याला तेरवीला निघालेले एक म्हातारबुवा तिसऱ्या फेरीनंतर पोचलो असं समजून उतरले आणि जेवण कुठं आहे म्हणून विचारू लागले. तीन गाड्यांचे कमानपाटे गेले. गतिरोधकाच्या अंगावरचं बारदान फक्त सरकलं.

बुधवारी दिग्रसच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक आणवला. सोळा टन. ट्रकवाल्याला सांगितलं होतं की ब्रेक लावायचा नाही, आणि त्यानेही शब्द पाळला. सहा गाठी खाली आल्या, मागचा कमानपाटा तुटला, आणि ट्रक तिथेच बसला तो संध्याकाळी क्रेनने उठवला. गतिरोधकाचा टवकासुद्धा उडाला नव्हता.

आता संजयही घाबरला. तो उकिडवा बसला आणि बुलेटच्या किल्लीने त्याने गतिरोधकावर ठोकून पाहिलं. टण्ण असा आवाज आला. आपल्या कामातून असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

“काकाजी, हे काम माझं नाही.”

“बिलावर नाव कोणाचं हाय?”

“नाव माझं हाय. काम माझं नाही.”

मग उलगडा झाला. काम सुरू असताना संजय दोन दिवस यवतमाळला गेला होता आणि मिस्त्री बाबूसिंगवर सोपवून गेला होता. ठरलेली पद्धत अशी: बारा पोती सिमेंटमधली चार कामात जायची आणि आठ संजयच्या नव्या घराच्या स्लॅबवर. पण बाबूसिंगने सकाळी पाहिलं तर पोत्यांच्या थप्पीवर सुखीबाई बसलेली. हातात काठी. एक पोतं फोडून मसाल्यात पडलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती दुसऱ्यावरून उठेना. रेती तिने पिठासारखी दोनदा चाळायला लावली. बाबूसिंग तिच्या नात्यात पुतण्या लागत होता. आईसारख्या याडीला नाही कसं म्हणणार? अशी बाराच्या बारा पोती आत गेली. त्यानंतर ती रोज सकाळ-संध्याकाळ डोक्यावर पाणी आणून बारदान भिजवत होती. पाणी आणायची कुठून, तर भुयारी मार्गातून.

“माह्या बारा वर्षांच्या ठेकेदारीत असं झालं नाही,” संजय म्हणाला. 

धर्मपाल तांड्यावर गेला. सुखीबाई अंगणात बकरीच्या खुरातला काटा काढत होती.

“सुखीबाई, तुम्ही त्या पोत्यायवर कायले बसल्या?”

“दुसरं बसायले काई नव्हतं भिया.”

“त्या ब्रेकरपायी माझी नोकरी जाऊन राह्यली.”

“आन् माहा जीव जाईन त्याचं? तुह्या गाड्याईचा आवाज मागून येते. गाडी पह्यले येते.” तिने काटा उपटला आणि त्याच्यापुढे धरला. “तीन वर्सं अर्ज केला. सरकार एकदाच देते. मंग मजबूत नको का?”

“तुम्हाले भुयारी रस्ता करून देला ना. त्यातून जात जा.”

“चाल,” सुखीबाई उठली. “तू पह्यले जाऊन दाखव.”

धर्मपाल गेला नाही. एक तर त्याला पोहता येत नव्हतं. दुसरं म्हणजे, भुयारी मार्ग ‘सुस्थितीत व वापरात’ असल्याचं प्रमाणपत्र तो दरवर्षी आपल्या सहीने महासंघाला पाठवत होता. वापरात तो होताच. गावच्या म्हशी वापरत होत्या.

शेवटचा उपाय म्हणून तो सरपंचांकडे गेला. उज्ज्वला राठोड या बीए झालेल्या, कामसू आणि दिराच्या कर्तबगारीने गांजलेल्या बाई होत्या. धर्मपालने विनवलं की शुक्रवारपुरतं तरी त्या गतिरोधकावर काही करता येईल का. त्या म्हणाल्या की शुक्रवारीच करतो आहोत. सकाळी अकरा वाजता, आमदारांच्या हस्ते लोकार्पण.

“ब्रेकरचं लोकार्पण?”

“काका, मी चार वर्षं सरपंच आहे. हात लावला तं हाताले सिमेंट लागत नाही असं हे पहिलं काम. याचं नाही करायचं तं कायचं करायचं?”

पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या. एक त्यांनी धर्मपालला दिली. निमंत्रकांत त्याचंही नाव होतं.

शुक्रवारी सकाळी साडेदहापर्यंत मुख्य सरळ पट्ट्यावर मांडव पडला. गतिरोधकाला चुन्याचे पट्टे ओढले होते, झेंडूच्या माळा घातल्या होत्या आणि आडवी लाल फीत बांधली होती. शाळेच्या मुली स्वागतगीताला उभ्या होत्या. दारव्ह्याहून वाजंत्री आले होते. आमदारांचा अकराला फोन आला की ते पुसदकडे एका लग्नात अडकले आहेत, कार्यक्रम उरकून घ्यावा. हा निरोप सरपंचांपर्यंत पोचला, पण वाजंत्र्यांपर्यंत पोचला नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी फाटकातून एक पांढरी गाडी आत आली, तशी वाजंत्र्यांनी सुरुवात केली.

गाडीतून महासंघाचे निरीक्षक नटराजन उतरले. साठीचे, काटक, हातात फाईल, डोळ्यांत मोजपट्टी. मराठी त्यांना येत नव्हती. सोळा वर्षं ते देशभरातली सर्किटं तपासत होते, पण आजवर कोणी त्यांना फेटा बांधला नव्हता. धर्मपाल मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होता. तो गर्दीतून वाट काढेपर्यंत फेटा बांधून झाला, हार घालून झाला, मुलींनी फुलं उधळली, आणि उज्ज्वलाबाईंनी परिस्थिती ओळखून कात्रीचं तबक पुढे केलं. पाहुणा आला आहे, मोठा आहे, चेन्नईचा आहे. आमदारांपेक्षा लांबून आला आहे. नटराजन संकोचाने हसले आणि त्यांनी फीत कापली. संजयने नारळ गतिरोधकावर आपटला. नारळाचे चार तुकडे झाले. टाळ्या पडल्या. दारव्हा-दिग्रसच्या पाच वार्ताहरांनी फोटो काढले आणि तिथल्या तिथे पाठवून दिले.

मग नटराजन यांनी धर्मपालला हिंदीत विचारलं की आपण आत्ता कशाचं उद्घाटन केलं. धर्मपालने झेंडूच्या माळा बाजूला सारल्या.

नटराजन गतिरोधकाकडे पाहत राहिले. त्यांनी फेटा काढायचा प्रयत्न केला, पण तो घट्ट बांधलेला होता. तोवर त्यांचा फोन वाजला. चेन्नईहून कोणीतरी विचारत होतं की हा फोटो खरा आहे का. फोटोखालचा मजकूर मराठीत होता, पण चित्राला भाषा लागत नाही. सर्किटवर गतिरोधक आहे म्हणून परवाना नाकारावा, तर तो गतिरोधक ज्याने हसत हसत जनतेला अर्पण केला, तो माणूस फेटा बांधून फोटोत उभा होता.

त्यांनी थंडपणे विचारलं, हा हवा होता कोणाला. धर्मपालने उत्तर द्यायच्या आतच गर्दीतून सुखीबाई पुढे आली. तिला हिंदी येत होती. तिचे वाडवडील बैलांवर माल लादून अर्धा मुलूख हिंडलेले. तिने निरीक्षकाचं मनगट धरलं आणि त्यांना भुयारी मार्गाकडे नेलं. मागे गाव. मार्गात चार म्हशी डोळे मिटून बसल्या होत्या. पाणी त्यांच्या मानेपर्यंत होतं.

नटराजन यांनी फाईल उघडली आणि एक कागद धर्मपालपुढे धरला. ‘भुयारी मार्ग सुस्थितीत व वापरात.’ चार वर्षांचे असे चार कागद. खाली चार सह्या.

“गतिरोधक मैं शायद माफ कर दूँ,” ते म्हणाले. “पर चालू ट्रॅक पर औरत चलती है, यह माफ नहीं होता. शाम पाँच बजे तक यह सूखा दिखा दो. नहीं तो मैं फाईल बंद करता हूँ.”

धर्मपालने तांड्याकडे पाहिलं. ही माणसं आपल्यासाठी कशाला हलतील, असं त्याच्या मनात आलं असावं. सुखीबाईने त्याला एवढंच विचारलं की रस्ता कोरडा झाला तर तो पुढेही कोरडाच राहील का. धर्मपाल म्हणाला, राहील. तिने पुन्हा विचारलं, सही करून म्हणतोस की नुसता म्हणतोस. नुसता म्हणतो, असं धर्मपाल म्हणाला. सुखीबाईला ते पटलं. तिने तांड्याकडे तोंड करून हाक दिली. अर्ध्या तासात शेतातून काढून आणलेल्या पाण्याच्या अकरा मोटारी आल्या, पाइप आले, बाबूसिंगने वायर ओढली. म्हशींना उठवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पावणेपाचला सुखीबाई चौदा बकऱ्या घेऊन भुयारी मार्गातून या टोकाकडून त्या टोकाला गेली आणि परत आली. तिच्या पायाला चिखलदेखील लागला नाही. नटराजन यांनी घड्याळात पाहिलं. फेटा अजून डोक्यावर होता.

परवाना मिळाला. मुख्य पट्टा वगळून, छोट्या फेऱ्यावर, ‘अपवादात्मक परिस्थितीत’. परिस्थिती कोणती, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. जाताना नटराजन यांनी धर्मपालला एकच गोष्ट विचारली: हा फोटो आणखी कुठे कुठे गेला आहे?

रविवारी शर्यत झाली. लाउडस्पीकरवर शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं, समालोचन करणारा उत्तमसिंग होता. त्याच्या सवयीप्रमाणे त्याने प्रत्येक गाडीचं गाव, मालकाचं नाव आणि मागच्या पटातली कामगिरी सांगितली, आणि गाड्या सुटल्यावर ‘जोडी सुटली’ अशी आरोळी ठोकली. अठरा गाड्या एकदम सुटलेल्या असताना तो कोणत्या दोघींबद्दल बोलतो आहे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोइंबतूरची लाल गाडी जिंकली. बंद असलेल्या मुख्य पट्ट्यावर प्रेक्षकांची सोय केली होती. सुखीबाई गतिरोधकावर बसली होती. तिथून सगळ्यात चांगलं दिसत होतं. गाड्या पळतात तशा पळू देत, असं तिचं मत पडलं. आता त्यांचं आणि तिचं काही भांडण नव्हतं.

धर्मपालची नोकरी राहिली. संजयचे दिवस मात्र वाईट आले. दिग्रसकडच्या गावांतून माणसं गतिरोधक पाहायला येऊ लागली. त्यावर उभी राहून पाहायची, दगडाने ठोकायची, आणि परत जाऊन ‘वडमाळसारखंच काम पाहिजे’ असे ठराव करायची. एका गावाने तर ‘देखरेखीस सुखीबाई असावी’ अशी अटच घातली. संजयच्या घराचा स्लॅब अर्धाच राहिला.

मार्चमध्ये एका दुपारी तो धर्मपालच्या कार्यालयात आला. बऱ्याच दिवसांनी चेहरा उजळलेला होता. त्याने एक कागद टेबलावर ठेवला. रस्ता सुरक्षा समितीची बैठक झाली होती. गतिरोधक काढून टाकावा म्हणून धर्मपालने शर्यतीनंतर दिलेल्या अर्जाचा तिने साकल्याने विचार केला होता. गतिरोधक बसवल्यापासून रस्ता क्रमांक सातच्या त्या भागात एकही वाहन भरधाव गेल्याची नोंद नाही. सबब, हा प्रयोग यशस्वी मानून उर्वरित रस्त्यावर आणखी चार गतिरोधक मंजूर करण्यात येत आहेत. चारही छोट्या फेऱ्यावर. पुढची शर्यत बावीस दिवसांवर होती.

“तुमची ना-हरकत पाहिजे काकाजी. इथं सही.”

धर्मपालने कागद वाचला नाही. त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. लांब, सर्किटच्या पलीकडच्या रानात, चौदा ठिपके चरत होते.

“कामावर सुखीबाई येते काय?”

“ते कायले येते? तिचा रस्ता कोरडा हाय आता.”

“सिमेंट किती पोते?”

“कागदावर अठ्ठेचाळीस.” संजयने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तुम्ही बिनधास्त राहा काकाजी. यावेळी काम माझंच हाय.”

धर्मपालने सुटकेचा श्वास सोडला आणि सही केली.